जोडी फुटल्यावर

आदिकवि वाल्मीकीची कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. तमसेच्या तीरीं क्रौंच पक्ष्यांचें जोडपें आनंदांत विहरत असतां निषादानें त्यांतील नराला बाण मारला, मादीनें आक्रोश केला, तो ऐकून मुनींचें अंतःकरण द्रवलें आणि त्यांच्या शोकाचा श्लोक झाला. एवढें सांगून आपण पुढें रामकथेकडे वळतों. परंतु त्या मागें राहिलेल्या क्रौंचीचें पुढें काय झालें? ती पुन्हां चारा टिपूं लागली कीं नाहीं, थव्यानें तिला जवळ केलें कीं नाहीं, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कधीं सुचला नव्हता. गेल्या फाल्गुनांत तो आमच्याच ओसरीवर येऊन उभा राहिला. त्याचें उत्तर शोधतांना आमच्या घरानें ज्या चुका केल्या व ज्या गोष्टी आम्ही शिकलों, त्या येथें लिहून ठेवीत आहें. ज्यांच्या घरीं पाखरांची जोडी आहे, त्यांना त्यांचा उपयोग व्हावा, एवढाच हेतु.

आमचें घर वसमतचें. हळदीची बाजारपेठ म्हणून या गांवाचें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल. फाल्गुन-चैत्रांत येथल्या वाऱ्यालाही हळदीचा वास असतो. घरांत सासूबाई, थोरले भाऊजी, जाऊबाई, आम्ही दोघें आणि चार मुलें असा परिवार आहे. तीन वर्षांपूर्वीं पुतण्याच्या मुंजींत भाऊजींच्या एका स्नेह्यांनीं नांदेडहून करड्या रंगाच्या पाखरांची एक जोडी आणून दिली. डोक्यावर उभा तुरा, गालांवर नारिंगी टिकली, आणि लांब निमुळती शेपटी. या जातीला कॉकाटील म्हणतात. मूळची ती ऑस्ट्रेलियांतली. काकाकुवाच्या कुळांतलें सर्वांत धाकटें भावंड. मामंजी तेव्हां हयात होते. जन्मभर संस्कृत शिकविलेले. त्यांनीं तेथल्या तेथें नांवें ठेवलीं, शुक आणि सारिका. सारिका म्हणजे मैना, पोपटाची मादी नव्हे, असें पुतण्यानें कोशांत पाहून सांगितलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, "कळतें रे मला, पण जुन्या ग्रंथकारांनीं चौसष्ट कला सांगतांना या दोघांना एका समासांत बसविलें आहे. मग आपण एका पिंजऱ्यांत बसविलें तर काय बिघडलें?"

ओसरीवर मामंजींची आरामखुर्ची आणि तिच्या शेजारीं तो पिंजरा, अशी मांडणी होती. गेल्या वर्षीं मामंजी निवर्तले. खुर्ची तेथेंच राहिली, पिंजराही राहिला. सासूबाई मात्र ओसरीवर बसावयाच्या त्या माजघरांत बसूं लागल्या.

आतां सारिकेचें सांगतें. या जातीची मादी एकदां अंडीं घालूं लागली म्हणजे एकामागून एक कितीतरी घालते. नर जवळ नसला तरीही घालते. प्रत्येक अंड्याच्या कवचाला लागणारा चुना तिच्या स्वतःच्या अंगांतून जातो. आम्ही बाजरी, राळे आणि सूर्यफुलाच्या बिया मूठ मूठ घालीत होतों, आणि पाखरांना आपण भरपूर खाऊं घालतों असें समजत होतों. फाल्गुनांत एके दिवशीं सारिका पिसें फुगवून पिंजऱ्याच्या तळाशीं बसली. तिची शेपटी श्वासागणिक वरखालीं होत होती. आम्हांस वाटलें, अंडीं घालावयाची असतील. हिला स्वस्थ राहूं द्यावी. दुसऱ्या दिवशीं पहाटे पाहिलें तों ती गेलेली होती. अंडें आंत अडकलें होतें. अशा वेळीं तासातासाला महत्त्व असतें. पाखराला ऊब देऊन त्याच क्षणीं पशुवैद्याकडे न्यावयास पाहिजे होतें, हें आम्हांस पुढें कळलें. काष्ठौषधींच्या दुकानांत सहज मिळणारा समुद्रफेसाचा एक तुकडा आम्हीं तीन वर्षांत कधीं पिंजऱ्यांत अडकविला नव्हता. हिरवा पाला क्वचित् घातला, कोवळें ऊन तर कधींच मोजून दिलें नाहीं. ही आमची चूक आहे, आणि ती कबूल केल्यावांचून पुढचें सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

मुलें उठण्यापूर्वीं यांनीं सारिकेला परसांतल्या पारिजातकाखालीं पुरलें. उजाडलें तशी शुकानें शीळ घातली. त्याची ती शीळ आमच्या ओळखीची होती. सारिका नजरेआड झाली कीं तो दोन सुरांची शीळ घाली, आणि ती जेथें असेल तेथून एका आखूड आवाजानें ओ देई. त्या दिवशीं त्यानें शीळ घातली, मान वांकडी करून ऐकलें, आणि पुन्हां घातली. दुपारपर्यंत हें चाललें होतें. तळाशीं जेथें ती बसली होती तेथें तो उतरे, चोंचीनें कागद उचलून पाही, आणि पुन्हां दांडीवर जाऊन शीळ घाली. तिसऱ्या दिवशीं शीळ थांबली. मुलांना हायसें वाटलें. मला मात्र ती शांतता शिळेपेक्षां वाईट वाटली.

घरांत माणसें पुष्कळ असलीं म्हणजे उपायही पुष्कळ सुचतात. भाऊजींनीं पिंजरा धुऊन काढला, जुन्या दांड्या टाकून नव्या बसविल्या, आणि आठवण नको म्हणून पिंजरा ओसरीवरून मागच्या खोलींत नेला. जाऊबाईंनीं आंत एक लहानसा आरसा टांगला. मुलांनीं आपापल्या ताटांतील पापड, बिस्किटें आणि हव्या तेवढ्या सूर्यफुलाच्या बिया देण्यास आरंभ केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाजारांतून दुसरी आणा. पाखरूंच तें, आठ दिवसांत विसरेल." प्रत्येकाचा हेतु चांगलाच होता. परंतु पांचव्या दिवशीं मीं पाहिलें, तों शुक आरशासमोर बसून पोटांतला चारा चोंचींत आणीत होता आणि आरशांतल्या पाखराला भरवीत होता. सारिकेला तो असेंच भरवीत असे. आरसा कांहीं घेईना. चारा कांचेवरून ओघळत होता. मीं आरसा काढून घेतला आणि त्याच दिवशीं आम्ही परभणीला निघालों. तेथें पशुवैद्यक महाविद्यालय असल्यामुळें पाखरांचें ज्ञान असलेला वैद्य त्या गांवीं भेटेल, अशी आशा होती.

तेथें भेटलेल्या एका अनुभवी पशुवैद्यांनीं आमची हकीकत शांतपणें ऐकून घेतली. नंतर त्यांनीं जें सांगितलें, व पुढें वाचून आणि अनुभवानें ज्याची आम्हांस खात्री पटली, तें क्रमानें देतें.

पहिली गोष्ट अशी कीं, पाखरूं दुःखी आहे असें ठरविण्यापूर्वीं तें आजारी नाहीं ना, हें पाहावें. रानांत दुबळें दिसणारें पाखरूं शिकाऱ्याच्या नजरेस आधीं पडतें. म्हणून आजार लपविणें हा पक्ष्यांचा स्वभावच असतो, आणि तो आपल्याला दिसूं लागतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. पिसें फुगवून तळाशीं बसणें, श्वासाबरोबर शेपटी हलणें, विष्ठेचा रंग अगर पातळपणा बदलणें, डोळे अर्धवट मिटून दिवसा झोपणें, हीं शोकाचीं लक्षणें समजूं नयेत. जोडीदार कशानें गेला हें कळलें नसेल, तर ही दक्षता दुप्पट घ्यावी. एकाला झालेला संसर्ग दुसऱ्याला झालेला असूं शकतो, आणि पोपटांचा सिटॅकोसिस नांवाचा रोग तर माणसांच्या फुफ्फुसांनाही होतो. घरांत वृद्ध माणसें किंवा गरोदर स्त्री असल्यास ही गोष्ट लहान नव्हे. मेलेलें पाखरूं लगोलग पुरून न टाकतां, थंड ठेवून (गोठवून नव्हे) तपासणीस नेलें, तर कारण कळण्याचा संभव असतो. आणि संसर्गाची शंका नसेल, तर मागें राहिलेल्याला तें क्षणभर पाहूं देण्यास हरकत नाहीं, असें त्या वैद्यांनीं सांगितलें. आमच्या शुकाला सारिका एकाएकीं नाहींशी झाली एवढेंच कळलें. म्हणून तो तिला कागदाखालीं शोधीत राहिला.

दुसरी गोष्ट वजनाची. घरांत ग्रॅमचा लहान काटा असावा, आणि रोज सकाळीं चारा देण्यापूर्वीं पाखराचें वजन करून वहींत लिहावें. भांड्यांत टरफलें पडलेलीं दिसतात, आपल्याला वाटतें त्यानें खाल्लें. काटा मात्र खरें सांगतो. कॉकाटीलचें वजन साधारणपणें ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असतें. शुकाचें वजन पूर्वीं एकदां हौसेनें केलेलें होतें, तें ९२ होतें. परभणीस तें ८४ भरलें. इतक्या लहान जिवाच्या वजनाचा दहावा हिस्सा कमी होणें धोक्याचें असतें, आणि एवढें लहान पाखरूं दोन दिवसांचा उपासही सोसूं शकत नाहीं. म्हणून चारा पूर्ण सोडल्यास वाट पाहूं नये.

तिसरी गोष्ट ऐकून भाऊजी ओशाळले. जोडीदार गेल्यावर जागा बदलूं नये, दांड्या बदलूं नयेत, पिंजरा ओळखूं येईनासा करूं नये. आपल्याला ज्या वस्तु आठवण करून देतात त्या दूर कराव्या असें वाटतें. पाखराला मात्र तीच एक ओळखीची जागा उरलेली असते. चारा-पाण्याची, उजेडाची, झोपेची वेळ पूर्वीं होती तीच ठेवावी. रात्रीं दहा-बारा तास अंधार व शांतता पाहिजे. कॉकाटील रात्रीं एकाएकीं दचकून पंख आपटूं लागतो. शेजारीं दुसरें पाखरूं नसतां ही भीति वाढते. म्हणून पिंजऱ्याजवळ एखादा अगदीं मंद विजेचा दिवा राहूं द्यावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाखराच्या हांकेला ओ द्यावी. शुकाची ती दोन सुरांची शीळ हें गाणें नव्हतें. ती विचारणा होती. पोपटांच्या जाती थव्यानें राहतात, आणि पानांच्या दाटींत एकमेकांस दिसेनासे झाले म्हणजे "कोठें आहेस?", "येथें आहें" असें आवाजानेंच विचारून घेतात. उत्तर आलें कीं पाखरूं निश्चिंतपणें खातें, पिसें सारखीं करतें, झोंपतें. उत्तर न आलें तर तें सावध बसून राहतें, कारण थव्यावांचून एकटें पडणें म्हणजे रानांत मरण. तेव्हां शीळ आली कीं घरांत जो कोणी असेल त्यानें स्वयंपाकघरांतून, माडीवरून, जेथून असेल तेथून, साधी शीळ घालून किंवा नांव घेऊन ओ द्यावी. धांवत जाण्याची जरूरी नाहीं. तुम्ही आहांत, एवढें कळलें म्हणजे त्याला पुरतें.

पांचवी गोष्ट, त्याच्याबरोबर जेवावें. थव्यांतील एक खाऊं लागला कीं दुसरे खातात. पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर बसून आपण आपली भाकरी किंवा फळ खावें, आणि त्याच वेळीं त्याच्या भांड्यांत भिजविलेलें धान्य, मेथी-कोथिंबिरीची पानें, गाजराचा कीस, पेरूची फोड ठेवावी. पापड, खारे पदार्थ, चहा, चॉकलेट, कांदा हे पदार्थ दुःखांतही देऊं नयेत. लाडानें दिलेलें मीठ पाखराच्या मूत्रपिंडांना कळत नाहीं. सूर्यफुलाच्या बिया त्याला आवडतात खऱ्या, पण त्या तेलकट असतात. त्यांवरच राहिलेलें पाखरूं शेवटीं यकृताच्या विकारानें आजारी पडतें.

सहावी गोष्ट, त्याला काम द्यावें. रानांत पोपटाचा बराचसा दिवस चारा शोधण्यांत व सोलण्यांत जातो. पिंजऱ्यांत तो भांड्यापाशीं येऊन थोड्याच वेळांत संपतो, आणि उरलेला दिवस जोडीदाराच्या सोबतींत जातो. जोडीदार गेला कीं तो सगळा वेळ रिकामा पडतो, आणि कित्येक पोपट स्वतःचीं पिसें उपटूं लागतात ते येथूनच. मक्याच्या कणसाच्या पानांत चार दाणे गुंडाळून द्यावे, शेवग्याची कोवळी शेंग अडकवून ठेवावी, रंग नसलेल्या कोऱ्या कागदाची पुडी करून तींत एखादी बी लपवावी. सुताचे दोरे मात्र देऊं नयेत. ते पायांत गुरफटतात. पिसें उपटणें सुरू झालेंच, तर घरगुती लेप न लावतां पशुवैद्याकडे जावें.

सातवी गोष्ट, माया कोठें थांबवावी हें समजावें. डोकें व मान कुरवाळण्यास हरकत नाहीं. पाठीवर आणि पंखांखालीं हात फिरवूं नये. तो स्पर्श जोडीदाराचा असतो, आणि त्यानें पाखराच्या मनांत नसती आशा उत्पन्न होऊन तें पुढें चिडकें बनतें. आरशाचेंही तसेंच. जो कधीं घेत नाहीं आणि कधीं ओ देत नाहीं, असा जोडीदार त्याच्या पुढ्यांत ठेवणें ही दया नव्हे.

आठवी गोष्ट आपल्यासारख्या घरांना विशेष लागू आहे. पक्ष्यांची श्वसनक्रिया फार सूक्ष्म असते; धूर त्यांना माणसांहून कितीतरी आधीं बाधतो. देवघरांतील धूप, उदबत्ती, कापूर आणि स्वयंपाकघरांतील फोडणी यांपासून पिंजरा दूर असावा. नॉन-स्टिक तवा रिकामा तापला तर त्यांतून निघणाऱ्या वायूनें धडधाकट पाखरूंही थोड्या वेळांत मरतें. आमच्या गांवच्यांनीं हळदीच्या दिवसांतील धुराळाही ध्यानांत ठेवावा.

इतकें वाचून कोणी म्हणेल, एका पाखरासाठीं एवढा खटाटोप कशाला? त्याचें दुःख हें आपण आपल्या मनांतून त्याच्यावर लादलें नसेल कशावरून? शंका योग्य आहे. शुकाच्या मनांत काय होतें तें मी सांगूं शकत नाहीं. परंतु सोबतीचा परिणाम पोपटाच्या शरीरावर होतो, यास आतां पुरावा आहे. व्हिएन्ना येथील संशोधकांनीं २०१४ सालीं आफ्रिकेच्या करड्या पोपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जिवाच्या गुणसूत्रांच्या टोकांशीं टोप्यांसारखे भाग असतात. वयाबरोबर ते झिजतात. एकटे ठेवलेले पोपट आणि जोडीनें ठेवलेले पोपट यांची तुलना केली, तों एकट्यांच्या टोप्या अधिक आखूड आढळल्या. म्हणजे एकांत हा त्यांच्या रक्तांत लिहिला जात होता. सोबत ही पाखराची चैन नसून दाण्यापाण्यासारखीच गरज आहे, असें यावरून म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें उदाहरण ब्राझीलचें. तेथें स्पिक्सचा मकाव नांवाच्या निळ्या पोपटाची जात पिंजऱ्यांच्या व्यापारामुळें व झाडें तुटल्यामुळें नष्ट होत गेली, आणि १९९० सालीं कुरासा गांवाच्या आसपास रानांत एकच नर उरला आहे असें आढळलें. आपल्या जातीचें कोणी नाहीं म्हणून तो एकटा राहिला नाहीं. दुसऱ्या जातीच्या एका मकाव मादीशीं त्यानें सोबत जोडली होती. १९९५ सालीं त्याच्याच जातीची एक मादी आणून रानांत सोडली. ती थोड्याच आठवड्यांत नाहींशी झाली. तो आपल्या जुन्या सोबतिणीकडे परत गेला, आणि २००० सालापर्यंत तेथें दिसत होता. रानांत आपल्या जातीचा एकटाच उरलेला तो जीव. पण हांक मारल्यावर ओ देणारें कोणीतरी त्यानें मिळविलें होतें.

आतां दुसरें पाखरूं आणावें कीं नाहीं, हा प्रश्न. शेजारच्या काकूंचा सल्ला पुष्कळांच्या मनांत येतो. नवें पाखरूं हें जुन्याच्या जागीं बसत नाहीं. शोकांत असलेलें पाखरूं परक्याला टोंचून घायाळ करूं शकतें, आणि नव्याबरोबर नवा रोगही येऊं शकतो. म्हणून पहिल्यानें मागें राहिलेलें पाखरूं नीट खाऊं लागेपर्यंत थांबावें. त्यानंतर नवें आणलेंच, तर तीस ते पंचेचाळीस दिवस अगदीं निराळ्या खोलींत ठेवावें, वैद्याकडून तपासून घ्यावें, मग दोन पिंजरे शेजारीं शेजारीं ठेवावे, आणि दोघें एकमेकांकडे शांतपणें पाहूं लागल्यावरच कोणाचाही नसलेल्या तिसऱ्या जागीं त्यांना एकत्र आणावें. आणखी एक हिशेब मनाशीं करावा. कॉकाटील पंधरा-वीस वर्षें जगतो. म्हाताऱ्याला तरुण सोबती आणला, तर तो तरुण उद्यां मागें राहणार. मग त्याला पुन्हां सोबती कोण आणणार?

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं तर लिंबाच्या ढोलींतून राघूचें पिल्लू काढून देण्याची तयारी दाखविली. हें करूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील राघू, पहाडी पोपट इत्यादि जाती पकडणें, विकणें वा पाळणें हा गुन्हा आहे. परदेशी जातींपैकींही ज्या आंतरराष्ट्रीय व्यापारकरारांत समाविष्ट आहेत, त्यांची नोंद आतां सरकारदरबारीं करावी लागते. मुलांनीं विचारलें, "मग आजीच्या माहेरीं राघू कसा होता?" होता खरा. आपल्या आजोळींपणजोळीं घरोघर पिंजऱ्यांत एक राघू असे, आणि तो "विठू विठू" म्हणाला कीं आलेगेले कौतुक करीत. हें मुलांना सांगत असतांनाच एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. तो राघू एकटा असे. त्याच्या थव्यापासून त्याला पिल्लूपणींच तोडलेलें असे, आणि थव्यांत ज्या आवाजानें हांक मारतात तो आवाज शिकण्याची जी बुद्धि देवानें त्याला दिली, तिच्या बळावर तो आपल्या घराचा आवाज शिके. "विठू विठू" ही त्याची आपल्याला घातलेली हांक होती. जोडी फुटलेल्या शुकाकडे पाहून आमचा जीव कळवळला. पण त्या राघवांची तर जोडी कधीं जुळलीच नव्हती, आणि त्यांच्या हांकेला आपण टाळी वाजवून दाद देत होतों.

असो. आमच्या शुकाचें पुढें काय झालें तें सांगून पुरें करतें.

परभणीहून परत आल्यावर पिंजरा पुन्हां ओसरीवर, आरामखुर्चीच्या शेजारीं ठेवला. जुन्या दांड्या अडगळींतून शोधून बसविल्या. त्याच्याजवळ बसण्याच्या पाळ्या लावल्या. पहिले आठ-दहा दिवस मुलांत भांडणें होत, इतका उत्साह होता. नंतर शाळा, परीक्षा, कचेरी, पाहुणे. पाळ्या चुकूं लागल्या. दुपारच्या वेळीं तर कोणीच नसे. मीं भीत भीत सासूबाईंना विचारलें, "दुपारीं तेवढें तुम्ही ओसरीवर बसाल का?" त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अग, माणूस गेलें कीं तेरा दिवस घर भरलेलें असतें. रडायलाही एकांत मिळत नाहीं. चौदाव्या दिवशीं सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि खरें एकटेपण तेव्हां सुरू होतें. त्या पाखराचा आज चौदावा दिवस असेल."

मला उत्तर सुचलें नाहीं. मामंजींच्या मागें आम्हीं सासूबाईंना कशाचें उणें पडूं दिलें नव्हतें. औषध, पथ्य, देवदर्शन, सगळें वेळच्या वेळीं होत होतें. पण त्या माजघरांत एकट्या जेवतात, आणि अर्धी पोळी परत जाते, हें रोज ताट उचलणाऱ्या माझ्या मनांत कधीं मोजलें गेलें नव्हतें. पाखराचें वजन मी वहींत लिहीत होतें.

त्या दिवसापासून सासूबाई दुपारीं ओसरीवर बसूं लागल्या. तांदूळ निवडतांना त्या शुकाशीं बोलत. तो शीळ घाली, त्या "आहें रे" म्हणत. त्यांचें दुपारचें ताटही आम्ही तेथेंच नेऊं लागलों, आणि त्या जेवूं लागल्या म्हणजे तोही आपल्या भांड्याशीं येई. जाऊबाई किंवा मी, एकजण त्यांच्याबरोबर पानावर बसतों. हा नियम पाखरासाठीं सुरू झाला, पण आतां तो पाखरासाठींच राहिलेला नाहीं. चैत्र सरतां सरतां शुकाचें वजन ९० वर आलें.

श्रावणांत नांदेडच्या एका कुटुंबाकडून निरोप आला. त्यांची मुलें दूर गांवीं गेलीं होतीं, घरांत एक वयस्क कॉकाटील मादी एकटी पडली होती. तुम्ही न्याल का? बाजारांतून विकत घ्यावयाची नाहीं, आणि तिलाही सोबतीची गरज आहे, असें पाहून आम्हीं होकार दिला. चाळीस दिवस तिला माडीवर ठेवलें. मुलांनीं तिचें नांव सारिका ठेवावें म्हटलें; सासूबाईंनीं साफ नकार दिला. ती नवी आहे, तिला नवें नांव द्या, असें त्यांनीं सांगितलें. तिला आतां मंजिरी म्हणतात.

दोघांचे पिंजरे सध्यां शेजारीं शेजारीं आहेत. शुक तिला भरवीत नाहीं. कदाचित् भरविणारही नाहीं. पण परवां सकाळीं त्यानें आपली जुनी दोन सुरांची शीळ घातली, आणि मंजिरीनें काहींशा जाड, निराळ्याच आवाजांत उत्तर दिलें. त्यानें मान वांकडी करून ऐकलें आणि दाणा टिपूं लागला. सासूबाई म्हणाल्या, "तिची सर नाहीं यायची. पण ओ तर देते."

ज्यांच्या घरीं जोडीनें पाखरें आहेत त्यांनीं आजच दोन गोष्टी कराव्या: समुद्रफेसाचा एक तुकडा पिंजऱ्यांत अडकवावा, आणि जवळपास पाखरांचा वैद्य कोठें आहे तें विचारून ठेवावें. ज्यांच्या घरची जोडी फुटली असेल, त्यांनीं चौदावा दिवस विसरूं नये.